कार्बनच्या खान्यात बोंबील

बोंबील एकटा वाळत घालता येत नाही. हे ज्याला ठाऊक नाही त्याने बोंबील खुशाल खावा, पण त्यावर बोलू नये. अंगात सगळं पाणी, हाड म्हणाल तर नावाला. एकट्याला दोरावर टाकला की सुळकन खाली, वाळूत. म्हणून एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरावर सोडायची, एक दोराच्या अलीकडे, एक पलीकडे. रेवसच्या कोळीवाड्यात पोरी बोलायला शिकायच्या आधी हे शिकतात. त्यांना कुणी शिकवत नाही, हातच शिकतो. आणि हाताने शिकलेलं डोक्याचं ऐकत नाही, हीच तर पुढची सगळी भानगड.

चीनच्या लढाईनंतरचं साल होतं. भागूबाई त्या दुपारी वलांडीपाशी, म्हणजे खांब रोवून ताणलेल्या दोरांपाशी उभी होती. तिचे हातही चालू होते आणि तोंडही. शेजारच्या रंगूने बोंबील फार दाट घातले होते, वारा कुठून जाणार, सगळा माल कुजवशील, असं तिला ऐकवणं चाललं होतं. भागूबाईला कोळीवाड्यात सगळे बय, म्हणजे आई, म्हणत. म्हणणाऱ्यांत तिच्यापेक्षा वयाने मोठ्या दोन म्हाताऱ्याही होत्या, यावरून काय ते समजावं.

तेवढ्यात तिची नात राही खाडीपलीकडून आली. खाडीपलीकडे नवं कॉलेज निघालं होतं आणि राही तिथे सायन्सला होती. कोळीवाड्यातून कॉलेजात गेलेली पहिली पोर. तिला तिथे घातली ती भागूबाईने, बापाचा विरोध मोडून. रोज संध्याकाळच्या होडीने येणारी पोर आज भर दुपारी आली, आणि पदर खोचून टोपलीतला बोंबील उचलू लागली. जबड्यात जबडा, दोरावर. जबड्यात जबडा, दोरावर.

"आज कालेज लवकर सुटलं का गो?"

राहीने टोपलीतला पुढचा बोंबील उचलला.

"मी तुला विचारतंय, बोंबलाला नाय."

"सुटलं नाय, बय. मना काढलं."

"काढलं म्हणजे?"

"वर्गाच्या बाहेर. माफी लिहून दे म्हणतात, तवर पाय ठेवायचा नाय. हजेरी भरली नाय तर परीक्षाही नाय. मी माफी लिहून देणार नाय आन् जाणारही नाय."

रंगूने कान टवकारले. भागूबाईने तिच्याकडे नुसतं बघितलं, तशी ती आपला दाट माल विरळ करायला लागली.

"नीट सांग," भागूबाई म्हणाली. "आधीपासून सांग. मना तिकडं जाऊन भांडायचंय. कशावर भांडायचं ते ठाऊक नको?"

भागूबाई दुसरी यत्ता शिकलेली. सही येई, पाटीवरचं नाव अक्षरं जुळवून वाचता येई, त्यापुढे शाळेचं आणि तिचं जमलं नाही. राहीला हे माहीत होतं, म्हणून ती सोपं करून सांगायला लागली.

"सगळ्या वस्तू बारीक बारीक कणांच्या बनल्यात, बय. अणू म्हणतात. त्याच्या मधोमध केंद्र, आन् भोवती इलेक्ट्रॉन."

"भोवती फिरतात? घाण्याच्या बैलासारखे?"

"आधी लोकांना तसंच वाटायचं. पन तसं नाय. खाडीवर पहाटे धुकं असतं ना, कुठं दाट, कुठं पातळ? तसं. इलेक्ट्रॉन नेमका हितं हाय असं बोट ठेवून दाखवता येत नाय. धुकं दाट असंल तिथं तो गवसायची आशा जास्त, एवढंच. त्या धुक्याला ऑर्बिटल म्हणतात. आमचे टिपणीस सर त्याला घर म्हणतात, आन् फळ्यावर चौकोनी खाना काढतात."

"एका घरात किती?"

"दोन. तिसऱ्याला जागा नाय, काय वाट्टेल ते होवो. आन् ते दोघंही एकमेकांच्या उलट. एकाचा बाण वर, दुसऱ्याचा खाली."

"अगो, मग ते बोंबीलच की!"

यावर राहीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मनाही तसंच वाटलं, बय. तिथंच घात झाला."

झालं होतं असं. टिपणीस सरांनी तिला फळ्यापाशी बोलावलं आणि कार्बनचे इलेक्ट्रॉन मांडायला सांगितलं. कार्बनचे सहा. खालचं घर आधी भरायचं, मग वरचं, हा नियम. राहीने खालच्यात दोन टाकले, त्याच्या वरच्यात दोन टाकले. उरले दोन. त्यांच्यासाठी एकाच उंचीची तीन घरं. दोन नारळ देठाशी देठ बांधावेत तशा आकाराची, एक उभं, एक आडवं, एक पुढून मागे. राहीच्या हाताने दोघांना धरलं आणि पहिल्याच घरात जोडी टाकून दिली. बाकी दोन घरं रिकामी.

सरांनी विचारलं, असं का? आणि राहीच्या तोंडून निघून गेलं, "एकटा कसा टिकेल, सर? पडेल ना."

वर्ग हसला. सरही हसले. हसून म्हणाले, "कोळीणबाई, हे कॉलेज आहे, बोंबील सुकवायचं अंगण नाही. तरीच म्हटलं, फळ्याला वास कसला येतोय."

मग वर्ग आणखी हसला. आणि राही, जी भागूबाईची नात होती, म्हणाली, "सर, दर शनिवारी तुमच्या घरी सुके बोंबील आमच्याच टोपलीतून जातात. तेव्हा नाही का येत वास?"

आता वर्ग सरांवर हसला. आणि सरांनी दाराकडे बोट केलं.

भागूबाईच्या हातातला बोंबील हातातच राहिला. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ज्यांनी ते पूर्वी पाहिलं होतं ते अशा वेळी होडी काढून समुद्रात जात.

"वास येतो?" ती म्हणाली. "माझ्या पोरीचा वास येतो? आन् दोघांची जोडी घातलीस त्यात चुकलं काय? दोघं मावतात ना एका घरात? मावतात, मग घातले!"

"बय, तसं नाय. सर म्हणाले की—"

"सर गेला खड्ड्यात! उद्या मी येतंय."

राहीला काही सांगायचं होतं, तिने दोनदा तोंडही उघडलं. पण भागूबाईचा राग एव्हाना निम्मी खाडी ओलांडून गेला होता, त्याला मागे बोलावणार कोण?

संध्याकाळी राहीचा बाप मोरू जाळं विणत बसला होता. त्याने सगळं ऐकलं आणि खूश झाला, ते त्याला लपवताही आलं नाही.

"बरंच झालं, आये. थळच्या येसाजी नाखव्याचा निरोप आलाच हाय. घरची बोट हाय, पोरगा निर्व्यसनी हाय. रविवारी येतो म्हणतात. पोरीच्या जातीला किती शिकवायचं? शेवटी हात बोंबलालाच लावायचाय."

"मोरू," भागूबाई म्हणाली, आणि ती जेव्हा हळू बोले तेव्हा मोरूसुद्धा सुई खाली ठेवी. "तिला कालेजात घातली कोणी? मी. काढायची झाली तर मीच काढीन. तो टिपणीस कोण काढणार? आन् तू तरी कोण? बोंबलाला हात लावायची लाज वाटत असंल तर उद्यापासून भात गिळताना तोंडी लावायला मीठ घे."

मोरूने सुई उचलली. पण विणता विणता बोलला, "ती लिहून देत नाय आन् तो घेत नाय, तर तू काय करणार हाईस? रविवारपर्यंत बघतो. मंग मी कुणाचं ऐकायचा नाय."

सकाळी भागूबाई हिरवं लुगडं नेसली, गळ्यात होतं नव्हतं तेवढं सोनं घातलं, अंबाड्यात अबोली खोवली आणि राहीला पुढे घालून धक्क्यावर आली. होडीवाला नामा तिचा थाट बघून म्हणाला, "बय, लग्नाला का?"

"बारशाला. एका मास्तराला नावं ठेवायचीत."

होडीभर हशा पिकला. राही मात्र पाण्याकडे बघत होती. "बय, एक ऐक ना. माझं उत्तर—"

"तुझं उत्तर मी देतंय. तू नुसती उभी राहा."

कॉलेज म्हणजे एका जुन्या वखारीत भिंती घालून केलेले वर्ग. टिपणीस सरांचा तास चालू होता. सर तिशीचे, मुंबईहून डिग्री घेऊन आलेले, शर्टाच्या खिशाला पेन. भागूबाई दारात थांबली नाही. दारात थांबणं तिला लग्नाच्या दिवशीही जमलं नव्हतं. ती सरळ टेबलापाशी गेली.

"आजीबाई, तास चालू आहे," सर म्हणाले.

"चालू दे की. मी कुठं बंद पाडलाय? मी हिची आजी. काल तुम्हाला फळ्याला वास आला म्हणे. आज मी मुद्दाम जवळ आलेय. घ्या, पोटभर घ्या."

मागून कुणीतरी खुसकन हसलं. सरांचा चेहरा ताठ झाला. "हे पाहा, तुमच्या नातीनं उलट उत्तर दिलं. शिस्त म्हणून—"

"उलट उत्तर कशाला म्हणतात? तुम्ही आधी सुलट बोलला होतात का? पोरगी शिकायला आली. तिला येत होतं तसं मांडलं. दोघं एका घरात घातले, तर तुम्ही तिचं घर काढलंत, धंदा काढलात, जात काढलीत. अहो मास्तर, त्या बोंबलावर हिचा बाप वाढला, ही वाढली, आन् शनिवारचे शनिवार तुम्हीसुद्धा वाढताय! आन् एवढं करून उत्तर बरोबर ते बरोबरच!"

"उत्तर चूक होतं," सर म्हणाले.

"काय?"

"चूक होतं. तिलाच विचारा."

भागूबाईने राहीकडे बघितलं. राहीने मान खाली घातली. समुद्रात भरवशाचा नांगर टाकावा आणि दोर हातात यावा, नांगर तळाला राहावा, तशी भागूबाईची गत झाली. पण भर वर्गात तोंड पाडायचं तिच्या रक्तात नव्हतं.

"चूक तर चूक कशी ते दाखवा," ती म्हणाली. "नुसतं चूक म्हणायला डिग्री लागत नाय."

सरांनाही चेव आला. त्यांनी खडू घेतला, एका ओळीत तीन खाने काढले. "ही तीन घरं एकाच पायरीवरची. कुठलंही उच्च नाही, कुठलंही नीच नाही. बरोबर? आता इलेक्ट्रॉन. प्रत्येकावर एकाच जातीचा भार, ऋण भार. सारखा सारख्याला दूर लोटतो. मग शेजारी घर रिकामं असताना हा दुसऱ्याच्या घरात जाऊन दाटीवाटीनं कशाला बसेल? त्यात त्याची शक्ती वाया जाते. म्हणून पहिला इथे. दुसरा इथे." त्यांनी दोन वेगळ्या खान्यांत एकेक बाण काढला, दोन्ही वर तोंड केलेले. "तिसरा असता तर तो या तिसऱ्यात. नायट्रोजनला तसाच असतो. रिकामं घर उरलं नाही, की मगच पुढचा दुसऱ्याच्या घरात शिरतो, उलटा होऊन. आधी नाही."

भागूबाई फळ्याकडे बघत राहिली. रिकामी होडी धक्क्याला लागली की माणसं अशीच बसतात, एक या टोकाला, एक त्या टोकाला; भरत आली की मग मांडीला मांडी. यात न कळण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

"गो राही, हे तुला ठाऊक होतं?"

"होतं, बय. वाचलं होतं. पन खडू हातात आला आन् हातानं जोडीच टाकली. कालपासून तेच सांगत होते, तू ऐकतंस कुठं?"

"अगो भवाने! मग होडीत माझं तोंड दाबायचं नाय का? आख्ख्या वर्गासमोर मी चुकीच्या उत्तरासाठी गळा काढला!" आता वर्ग मोकळेपणी हसला. भागूबाईने हसू दिलं. हसून झाल्यावर ती सरांकडे वळली. "चूक ती चूक. पटलं. शिकवलंत ते झ्याक शिकवलंत. काल असंच शिकवलं असतं, तर मना हे सोनं अंगावर घालून यायला लागलं नसतं."

"मग माफीचं पत्र—"

"थांबा. ही बसते कुठं?"

"कोण?"

"ही. माझी नात. वर्गात तिची जागा कुठली?"

सांगायची गरजच नव्हती, भागूबाईला डोळे होते. मुलींचे दोन बाक होते. पुढच्यावर तीन मुली एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, कडेच्या मुलीचा एक पाय बाकाच्या बाहेर. मागचा बाक रिकामा. त्यावर एका कोपऱ्यात राहीची विसरलेली पट्टी तेवढी पडली होती.

"तो मागचा हिचा, व्हय ना? आख्खा बाक?"

"मुलं आपापल्या आवडीनं बसतात," सर म्हणाले. "त्यात मी लक्ष घालत नाही."

"आता तुम्हीच सांगितलंत ना, मास्तर? शेजारी घर रिकामं असलं तर कुणी दाटीवाटीनं बसत नाय म्हणून? शक्ती वाया जाते म्हणून? मग ह्या तिघी कशाला एकमेकींच्या मांडीवर चढल्यात? तुमच्या त्या कणांना घर रिकामं दिसतं, ते जाऊन बसतात. घरात आधी कोण राहून गेलं, त्याचा बाप काय विकतो, असं हुंगत बसत नायत. त्यांना सारख्यांचा वीट येतो. हितं माणसांना वेगळ्याचा वीट येतो. आन् पोर फळ्यापाशी चुकली, ते तुम्हाला लगेच दिसलं. रोज डोळ्यासमोर हे चुकीचं मांडलंय, ते नाय दिसत?"

पुढच्या बाकावरच्या तिघींनी माना खाली घातल्या. मुलांच्या बाजूला एकाने खोकल्याचं निमित्त केलं. सरांनी खडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"बाई, वर्गाची बैठक हा माझा विषय नाही."

"पोरीला बाहेर काढायचा विषय तुमचा, आन् आत बसवायचा नाय? ही बरी डिग्री!"

"तुम्ही आता मर्यादा सोडताय."

"मी अजून धरली हाय. सोडली की तुम्हाला वेगळं सांगायला लागणार नाय."

हे असं किती वेळ चाललं असतं कोण जाणे. पण राही पुढे आली. टेबलावरचा फडका घेतला आणि फळ्याच्या कोपऱ्यात तिचा कालचा कार्बन अजून तसाच ठेवला होता, पुढच्या तासालाही हसता यावं म्हणून की काय, तो तिने पुसला. त्याच जागी नवा काढला. खालच्यात दोन, वरच्यात दोन, मग तिन्हीतल्या दोन घरांत एकेक. कुणी सांगितलं नव्हतं तरी शेजारी नायट्रोजन काढला, तीन घरांत तीन. मग ऑक्सिजन, चौथा पहिल्या घरात, बाण खाली. हात एकदाच थबकला, तो कार्बनपाशी, जोडी टाकायच्या सवयीने. तिने तो मागे घेतला आणि खडू सरांच्या समोर ठेवला.

"चुकीची दुरुस्ती केली, सर. त्याबद्दल वाटल्यास माफी मागते. बाकीची नाही मागणार. वासाचं तुम्ही बोललात."

सरांनी फळा पाहिला. चूक शोधली असावी, सापडली नाही. "बरोबर आहे," ते फळ्याला म्हणाले. मग, तेही फळ्यालाच, "ते पत्राचं राहू दे. जागेवर बस."

"आन् वासाचं?" भागूबाईने विचारलं.

सर पुस्तकाची पानं उलटू लागले. माणूस पुस्तकात तोंड घालतो तेव्हा ते प्रत्येक वेळी वाचण्यासाठीच असतं असं नाही, हे दुसरी यत्ता शिकलेल्या बाईलाही कळतं.

राही मागच्या बाकावर जाऊन बसली. पुढच्या तिघी तशाच चिकटलेल्या. कडेचीचा पाय अजून बाहेर. तिने एकदा मागे बघितलं, चुळबुळ केली, आणि पुन्हा पुढे बघायला लागली. कुणी उठलं नाही.

भागूबाईने क्षणभर वाट पाहिली. मग लुगड्याचा काष्टा सावरला, बांगड्या वाजवत मागच्या बाकापाशी गेली आणि राहीला म्हणाली, "सरक जरा."

"बय! हे काय?"

"आजी, तुम्ही… तुम्ही इथे बसणार?" सर पुस्तकातून वर आले.

"जागा रिकामी हाय. तुमच्याच नियमानं बसलेय. शिकवा."

वर्गात कुणी हसलं नाही. सरांनी घसा साफ केला आणि शिकवायला सुरुवात केली. फ्लोरीन, निऑन, असली नावं भागूबाईच्या डोक्यावरून वल्ह्याच्या पाण्यासारखी उडून गेली. बाक टोचत होता, गळ्यातल्या सोन्यानं उकडत होतं, आणि पोटात राग तसाच होता; कारण पत्र सुटलं होतं, पण शब्द कुणी परत घेतला नव्हता. तरी ती ताठ बसून राहिली, फळ्यावरचा एकेक खाना भरताना बघत. राही तिच्या शेजारी मान खाली घालून भराभर लिहीत होती.

घंटा झाली. भागूबाई उठली, तिघींच्या बाकाला वळसा घालून टेबलापाशी आली.

"उद्यापासून ही एकटी येईल, मास्तर. वर्गातच बसेल. बाहेर काढलीत की हिच्या जागी मी येईन, आन् येताना शनिवारची टोपली घेऊन येईन."